रेशमाच्या अळीस दिवा किती वेळ दाखवावा?

तुतीची लागवड केलेल्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांकडून एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. तो असा कीं, संगोपनगृहांत रात्रभर दिवा जळत ठेवला तर अळ्या अधिक खातील काय, आणि अधिक खाऊन लौकर व वजनदार कोष करतील काय? हा प्रश्न विचारणाराच्या मनांत बहुधा दुसरी एक हकीकत असते. परदेशांत समुद्रांतील पिंजऱ्यांत सॅल्मन नांवाचे मासे पाळतात, त्यांच्यावर हिवाळाभर दिवे लावतात व त्यामुळें ते मासे झपाट्यानें वाढतात, असें त्यानें वाचलेलें असतें; किंवा शेजारच्या कुक्कुटपालकाच्या शेडमध्यें पहाटे दिवे लागलेले त्यानें पाहिलेले असतात. जें माशास व कोंबडीस मानवतें तें अळीस कां मानवूं नये, असा त्याचा साधा तर्क असतो.

तर्क साधा आहे, पण तो अपुरा आहे. आणि अपुऱ्या तर्काची किंमत शेतकऱ्यास कोषांच्या वजनांत मोजावी लागते. म्हणून या लेखांत प्रथम मासा व कोंबडी यांच्यावर दिव्याचा परिणाम कसा होतो तें थोडक्यांत पाहूं, व मग आपल्या अळीकडे वळूं.

हा विषय जालना जिल्ह्यास किती जवळचा आहे हें सांगावयास नको. २०१२-१३ च्या अवर्षणांत आपल्याकडील मोसंबीच्या कितीतरी बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. बाग एकदां मेली कीं नवी बाग फळावर येण्यास वर्षानुवर्षें लागतात. तुतीचें तसें नाहीं. पाणी आटलें तर तिची वाढ थांबते, पानें गळतात. परंतु मूळ तग धरून राहतें व ओल मिळतांच ती पुन्हां फुटते. या गुणामुळें अनेकांनीं तुतीचा आश्रय केला, व जालना तालुक्यांतील कचरेवाडीसारख्या गांवाचें नांव रेशमामुळें बाहेर माहीत झालें. पूर्वीं कोष विकण्यासाठीं कर्नाटकांत रामनगरच्या बाजारापर्यंत जावें लागे. २०१८ सालीं जालन्याच्या कृषि उत्पन्न बाजार समितींत कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली, व ती यातायात पुष्कळ कमी झाली. बाजार दारांत आल्यानें एक गोष्ट मात्र अधिक स्पष्ट दिसूं लागली. एकाच दिवशीं, एकाच आवारांत, दोघां शेजाऱ्यांच्या मालास दोन भाव पडतात. तुतीची जात तीच, अंडीपुंज तेच, कष्टही तितकेच. मग फरक कोठें पडला? त्याचीं कारणें अनेक असतात. त्यांपैकीं प्रकाशाची अव्यवस्था हें एक कारण असें आहे कीं, तें सुधारण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

माशावर दिवे कां लावतात

नॉर्वे देश पृथ्वीच्या उत्तर टोंकाकडे आहे. १९७० च्या सुमारास तेथें समुद्राच्या खाड्यांत जाळ्यांचे मोठे पिंजरे सोडून सॅल्मन पाळण्याच्या धंद्यानें मूळ धरलें. पुढें स्कॉटलंड, कॅनडा, चिली या देशांतही तो पसरला. उत्तर नॉर्वेंतील ट्रॉम्सो या शहरीं हिवाळ्यांत सुमारें दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाहीं, आणि उन्हाळ्यांत सुमारें तितकेच दिवस तो मावळत नाहीं. अशा प्रदेशांतील प्राण्यास ऋतु ओळखण्याचें सर्वांत खात्रीचें साधन म्हणजे दिवसाची लांबी. माशाच्या मेंदूवर पिनियल नांवाचें एक लहान इंद्रिय असतें. तें अंधारांत मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतें व उजेडांत तें सोडणें कमी करतें. रात्र लांब आहे कीं आंखूड, हें माशाच्या शरीरास या द्रव्यावरून कळतें.

सॅल्मनचें पिल्लू गोड्या पाण्यांत जन्मतें व पुढें समुद्रांत जातें. खाऱ्या पाण्यासाठीं त्याचें शरीर तयार होण्याचा काळ निसर्गांत वसंत ऋतूंत, म्हणजे दिवस वाढूं लागल्यावर, येतो. मत्स्यपालक पिल्लांस कांहीं आठवडे आंखूड दिवस दाखवितात व नंतर चोवीस तास उजेड देतात. पिल्लांस वसंत आल्याचा भास होतो, व पाहिजे त्या महिन्यांत तीं समुद्रांत सोडण्यास योग्य होतात. पुढें समुद्रांतील पिंजऱ्यांतही हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत पाण्याखालीं दिवे लावून ठेवतात. मासा अकालीं वयांत येऊं नये हा त्यांतील एक मोठा हेतु असतो. मासा वयांत आला कीं खाल्लेलें अन्न अंडीं व वीर्य यांच्या कामीं खर्च होतें, मांस निकृष्ट होतें व वाढ खुंटते. योग्य वेळीं लावलेल्या दिव्यांमुळें हें वयांत येणें लांबतें, आणि मासा अधिक वाढतो.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयाच्या. पहिली ही कीं, दिव्यानें माशास अन्न दिलें नाहीं. दिव्यानें त्याचें पंचांग बदललें. दुसरी ही कीं, सर्व फळ दिवा केव्हां लागतो यावर अवलंबून आहे. हिवाळ्यांत दिवे लावल्यावर प्रारंभीं कांहीं आठवडे वाढ उलट मंदावते व मग ती वेग घेते, असाही अनुभव आहे. म्हणजे जास्त उजेड तितकी जास्त वाढ, असा सरळ हिशेब माशाच्या बाबतींतही नाहीं.

कोंबडीचा धडा

कोंबडीचा दाखला याहून घरचा आहे. अंड्यांवरील कोंबडीस दिवसाचा व दिव्याचा मिळून १४ ते १६ तास उजेड दिला म्हणजे तिचें अंडीं देणें टिकून राहतें. जालन्याच्या अक्षांशावर डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व जूनमधील सर्वांत मोठा सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. म्हणून उरलेले तास दिव्यानें भरून काढतात. परंतु हीच कोंबडी तलंग असतांना तिचा उजेड वाढवीत नेला, तर ती शरीर पुरतें भरण्यापूर्वींच अंड्यावर येते, व तिचीं अंडीं लहान राहतात. म्हणून जाणते पालक दोन नियम पाळतात: वाढीच्या वयांत उजेड वाढवावयाचा नाहीं, आणि अंड्यावर आल्यावर तो घटवावयाचा नाहीं. प्राणी तोच, दिवा तोच; वय बदललें कीं नियम उलटला.

माशापासून व कोंबडीपासून शिकावयाचें तें हेंच. प्रकाश हा खुराक नव्हे. तो प्राण्याच्या शरीरांतील घड्याळास दिलेली किल्ली आहे, व ती कोणत्या वयांत किती फिरवावी हें प्रत्येक प्राण्याचें वेगळें असतें. आतां आपल्या अळीचें घड्याळ कसें चालतें तें पाहूं.

अळीस उजेड कसा दिसतो

रेशमाच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस सहा बारीक साधे डोळे असतात. या डोळ्यांनीं तिला आपल्यासारखें चित्र दिसत नाहीं. उजेड कोणत्या बाजूस आहे व किती आहे एवढें मात्र तिला बरोबर कळतें. तिला मंद प्रकाश प्रिय आहे. प्रखर उजेडापासून ती दूर जाते. पूर्ण अंधारही तिला फारसा रुचत नाहीं. शास्त्रज्ञांनीं तिच्या आवडीचा प्रकाश १५ ते २० लक्स इतका ठरविला आहे. लक्स हें प्रकाश मोजण्याचें माप होय. भर दुपारच्या उघड्या उन्हांत तें लाखाच्या घरांत जातें, व चांगल्या उजेडाच्या कचेरींत तीनशें ते पांचशें असतें. यावरून १५-२० लक्स म्हणजे किती मंद प्रकाश हें ध्यानांत येईल. माप घेण्याचें यंत्र जवळ नसेल तर अदमासानें असें समजावें कीं, मांडणीजवळ उभें राहून वर्तमानपत्राचा मोठा मथळा सहज वाचतां यावा, परंतु बारीक अक्षर वाचतांना डोळ्यांस ताण पडावा.

प्रकाशाचा अळीवर दोन प्रकारें परिणाम होतो. एक ताबडतोब दिसणारा: अळी कोठें सरकते व बिछान्यावर कशी पसरते हा. दुसरा न दिसणारा: कात केव्हां टाकावी, किती दिवस खावें, याविषयींच्या आंतील घड्याळावर होणारा. रात्रभर दिवा ठेवणाराचा समज असा असतो कीं, अंधारांत अळी झोंपते व खाणें बंद करते. हा समज खरा नाहीं. पान ताजें असेल तर अळी अंधारांतही खाते. उलट अखंड उजेडांत वाढविलेल्या अळ्यांची वाढ लांबते, अळीचें व कोषाचें वजन घटतें, आणि चार वेळां कात टाकावयाच्या ऐवजीं कांहीं अळ्या पांच वेळां कात टाकतात, असें रेशीमशास्त्राचे ग्रंथ सांगतात. अशा अळ्या बाकीच्यांच्या मागें पडतात व सर्व पिकाचा एकसारखेपणा बिघडवितात. तात्पर्य, रात्रभर जळलेल्या दिव्यानें वीजही जाते आणि कोषही हलका होतो.

अंड्यापासून सुरुवात

एका अंडीपुंजांत सुमारें चारशें ते पांचशें अंडीं असतात. शंभर अंडीपुंज घेतले तर चाळीस ते पन्नास हजार जीव आपल्या घरीं यावयाचे. इतके जीव एकाच सकाळीं जन्मले तर पुढील सर्व काम सुरळीत होतें; तीन दिवस रेंगाळत जन्मले तर एकाच मांडणीवर तीन वयांच्या अळ्या होतात. कोणी खात असते, कोणी कातेवर बसलेली असते. पान कोणासाठीं घालावें व चुना कोणासाठीं टाकावा हेंच कळेनासें होतें.

हा एकसारखेपणा प्रकाशानेंच साधतां येतो. २५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेलीं अंडीं दहा-अकरा दिवसांत फुटतात. या काळांत त्यांस रोज १६ ते १८ तास उजेड व बाकी अंधार देतात. अंड्यावर प्रथम काळा ठिपका दिसतो, व मग तें निळसर होतें. हें चिन्ह दिसतांच अंडीं काळ्या कागदांत गुंडाळून किंवा काळ्या पेटींत ठेवून सुमारें ४८ तास पूर्ण अंधारांत ठेवावयाचीं, आणि फुटण्याच्या दिवशीं पहांटे एकदम उजेडांत उघडावयाचीं. जीं अंडीं पुढें गेलेलीं असतात तीं अंधारामुळें थांबून राहतात, मागें पडलेलीं त्यांस गांठतात, व उजेड दिसतांच दोन-तीन तासांत बहुतेक सर्व एकदम फुटतात. निसर्गांतही रेशमाचें अंडें सकाळींच फुटतें. आपण फक्त सर्वांची सकाळ एक केली.

अंड्यावर पडलेल्या प्रकाशाचा प्रभाव किती दूर पोंचतो याचें एक नवल सांगण्यासारखें आहे. जपानी संशोधक कोगुरे यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, दुबार जातीचीं अंडीं उबदार जागीं व लांब उजेडांत उबविलीं तर त्यांपासून झालेले पतंग झोंपीं जाणारीं, म्हणजे दीर्घकाळ न फुटणारीं, अंडीं घालतात. आणि थंडींत व अंधारांत उबविलीं तर लगेच फुटणारीं घालतात. आईनें अंड्यांत असतांना पाहिलेला उजेड तिच्या संततीच्या अंगीं दिसावा, यापेक्षां प्रकाशाच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता? कोष विकणाऱ्या शेतकऱ्यास याचा रोजच्या कामांत उपयोग नाहीं. तो अंडीं तयार करणाऱ्या केंद्रांचा विषय आहे. परंतु ज्या जीवावर प्रकाशाचा इतका खोल ठसा उमटतो, त्याच्याजवळ दिवा कसाही लावून चालणार नाहीं, एवढें यावरून समजावें.

चॉकी व काती

पहिल्या दोन अवस्थांतील बाल अळ्यांचें संगोपन, ज्यास आपण चॉकी म्हणतों, आतां बहुतेक ठिकाणीं चॉकी केंद्रांत होतें. या वयांत १६ तास अंधार व ८ तास मंद उजेड असावा असा नियम आहे. नुकती जन्मलेली अळी उजेडाकडे ओढली जाते. तिच्यावर एका बाजूनें प्रखर उजेड पडला तर सर्व अळ्या त्या बाजूस गोळा होतात, व तेथील पान संपून त्या अर्धपोटीं राहतात, तर दुसऱ्या बाजूचें पान तसेंच सुकून जातें. अंधारांत त्या सारख्या पसरतात. शिवाय या वयांत २७-२८ अंश उष्णमान व ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. झांकून अंधारांत ठेवलेल्या बिछान्यांत पान कोंवळें व ओलसर टिकतें. केंद्रांतून अळ्या आणणाराने त्या गाडींतून उघड्या उन्हांत आणूं नयेत. सकाळीं लौकर किंवा सायंकाळीं, झांकून आणाव्यात.

कातेवर बसलेली अळी डोकें वर करून निश्चल राहते. ही स्थिति वयाप्रमाणें सुमारें वीस ते छत्तीस तास टिकते. या वेळीं तिला पान नको, धक्का नको, झोताचा वारा नको, आणि प्रखर उजेडही नको. पुष्कळांची चूक अशी होते कीं, अळ्या कातेंतून निघाल्या कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते दर तासास मोठा दिवा लावून मांडणी न्याहाळतात. पाहणें झाल्यास लहान हातबत्तीनें, तिरप्या उजेडांत पाहावें. पंचाण्णव टक्के अळ्या कातेंतून बाहेर आल्याशिवाय पान घालूं नये हा नियम सर्वांस ठाऊक आहेच.

प्रौढ अळी: नियम उलटतो

तिसऱ्या अवस्थेपासून अळी शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरीं असते. येथें कोंबडीप्रमाणेंच नियम उलटतो: आतां १६ तास मंद उजेड व ८ तास अंधार. आपल्याकडील दिवस ११ ते सव्वातेरा तासांचा असल्यामुळें दिव्याची गरज संध्याकाळचे तीन ते पांच तासच असते. याचा सोपा मार्ग असा. सकाळीं ६ वाजतां खिडक्यांचे पडदे थोडे सारावे. दिवेलागणीस लहान दिवा लावावा. रात्रीं १० वाजतां शेवटचें पान घालून झालें कीं तो मालवावा, व ६ पर्यंत घर अंधारांत ठेवावें. हिवाळ्यांत दिवस लहान झाला तरी ६ व १० या वेळा बदलूं नयेत; अळीस घड्याळ पाहिजे, आणि तें रोज एकाच वेळीं वाजलें पाहिजे. आज दहास, उद्यां मध्यरात्रीस, परवां वीज गेली म्हणून सातासच अंधार, असें होऊं देऊं नये. वीज जाण्याचा भरंवसा नसेल तेथें बॅटरीवर चालणारा एक लहान दिवा तयार ठेवावा.

पांचव्या अवस्थेंत या नियमाचें मोल सर्वांत अधिक आहे. अळी जन्मभरांत जितकें पान खाते त्याचा चारपंचमांशाहून अधिक भाग ती या शेवटच्या सात-आठ दिवसांत खाते. जन्मतांना अर्ध्या मिलिग्रॅमहूनही हलकी असलेली अळी पिकतांना चार-पांच ग्रॅमची, म्हणजे सुमारें दहा हजारपट, झालेली असते. या वयांत २३-२४ अंश उष्णमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता तिला मानवते. खिडकींतून मांडणीवर ऊन आलें तर एकाच वेळीं तीन नुकसानें होतात: पान सुकतें, अळी तापते, व उन्हाकडील अळ्या सावलीकडे सरकून तेथें दाटी करतात. आपल्याकडील उन्हाळ्यांत खिडक्यांवर ओलें गोणपाट सोडण्याची जी पद्धत आहे ती फार चांगली. तिनें हवा थंड होते व प्रकाशही मंद होतो; एका पडद्यांत दोन कामें होतात.

कोष करतांना

सर्वांत मोठें नुकसान शेवटच्या तीन दिवसांत होतें, आणि तें आम्हीं स्वतः भोगलें आहे. आमच्या पहिल्या पिकाच्या वेळीं अळ्या पिकल्या व त्या आम्हीं चंद्रिकांवर सोडल्या. उंदीर व मुंग्या यांवर नजर राहावी म्हणून दाराशीं एक प्रखर ट्यूबलाइट रात्रभर चालू ठेवली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों दाराकडील चंद्रिका अर्ध्या रिकाम्या, व भिंतीकडील चंद्रिकांवर अळ्यांची नुसती रेटारेटी! जागा न मिळाल्यानें दोन-दोन अळ्यांनीं मिळून एकेक कोष विणला होता. कोष काढतांना असे जोडकोष व वरच्यांच्या लघवीनें डागाळलेले कोष वेगळे काढले, तेव्हां घरांतील मंडळी कांहीं बोललीं नाहींत. परंतु महिनाभर पहाटे उठून तुती कापणाऱ्या त्या हातांकडे पाहण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं. पान कमी पडलें नव्हतें, रोग आला नव्हता. आम्हीं एक दिवा चुकीच्या जागीं लावला होता.

याचें कारण आतां वाचकांस कळलेंच असेल. पिकलेली अळी कोष विणण्यास मंद व सर्व बाजूंनीं सारखा उजेड शोधते. एका बाजूनें प्रखर उजेड पडला तर ती काळोख्या बाजूस पळते. दाटी होते, जोडकोष होतात, आणि एकेकटीनें विणलेल्या कोषाचें कवचही एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ होण्याचा संभव असतो. चांगल्या दुबार कोषांतून सुमारें नऊशें ते बाराशें मीटर लांबीचा अखंड तंतु निघतो. परंतु जोडकोषांत दोन तंतु एकमेकांत गुंतलेले असल्यामुळें तो नेहमींच्या रीतीनें उलगडत नाहीं, व व्यापारी त्यास हलका भाव देतो. म्हणून चंद्रिकेवर किंवा नेत्रिकेवर अळ्या सोडल्यावर मोठे दिवे बंद ठेवावे, खिडक्यांवर पडदे ओढावे, परंतु हवा खेळती राहूं द्यावी. कारण या वेळीं ओलावा सांचला तर कोष खराब होतो. प्रकाश अडवितांना वारा अडवूं नये, हें सूत्र लक्षांत ठेवावें.

दिवा कोणता व कोठें

साध्या घरास मोठ्या दिव्याची गरज नाहीं. झिरोचा दिवा किंवा लहान एल.ई.डी. दिवा मांडण्यांच्या मधल्या वाटेंत, छताजवळ, कागदाच्या किंवा पांढऱ्या कापडाच्या आडोशानें लावावा, म्हणजे उजेड छतावर आपटून सर्वत्र सारखा पसरतो. मांडणीच्या अगदीं जवळ दिवा टांगूं नये. जुना तारेचा बल्ब उष्णता पुष्कळ देतो. हिवाळ्यांत ऊब पाहिजे असल्यास तिची व्यवस्था वेगळी करावी, उबेसाठीं उजेड वाढवूं नये. पहाऱ्यासाठीं दिवा हवाच असेल तर तो घराच्या बाहेर लावावा, आणि त्याचा झोत खिडकींतून आंत येणार नाहीं असें पाहावें. घरांतील प्रखर दिव्याभोंवतीं रात्रीं किडे जमतात, किड्यांमागून पाली येतात, व पाल मांडणीवर उतरली कीं अळ्या खाते, हेंही विसरूं नये. मुंग्यांसाठीं मांडणीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवणें हा दिव्याहून खात्रीचा पहारा आहे.

स्वतः करून पाहावें

आम्हीं सांगितलें म्हणून कोणी मान्य करावें असा आमचा आग्रह नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें पुढील प्रयोग करावा. चौथी कात टाकून निघालेल्या एकाच तुकडींतील अळ्या घेऊन दोन मांडण्या भराव्यात. पान, जागा व वेळा अगदीं सारख्या ठेवाव्यात. दोन्हींच्या मध्यें काळें कापड सोडावें. एकीवर रात्रीं १० ते ६ अंधार करावा; दुसरीवर दिवा रात्रभर ठेवावा. अळ्या पिकण्यापूर्वीं प्रत्येक मांडणीच्या निरनिराळ्या पांच जागांहून दहा-दहा, अशा पन्नास अळ्या उचलून तोलाव्यात. चंद्रिकेवर सोडेपर्यंत किती दिवस लागले तें लिहावें. कोष काढल्यावर प्रत्येकीचे न निवडतां घेतलेले शंभर कोष तोलावेत, व जोडकोष किती तें मोजावें. शेवटीं त्यांपैकीं दहा कोष कापून, आंतील किडा काढून, नुसतें कवच तोलावें. कवचाच्या वजनास शंभरांनीं गुणून सबंध कोषाच्या वजनानें भागिलें म्हणजे कवचाचें शेंकडा प्रमाण मिळतें. एका पिकावरून निकाल ठरवूं नये. हवा, पान व नशीब यांची भेसळ त्यांत असते. तीन पिकें, मांडण्यांच्या जागा आलटून-पालटून, हा प्रयोग केला म्हणजे जें दिसेल तें आपलें स्वतःचें ज्ञान होईल.

समारोप

शेवटीं एक इशारा देणें अवश्य वाटतें. प्रकाश नीट ठेवला म्हणजे सर्व झालें असें नाहीं. निकृष्ट पान, निर्जंतुक न केलेलें घर, दाटीचा बिछाना, उझी माशीस मोकळी सोडलेली खिडकी, यांपैकीं एकही दोष असेल तर कितीही शहाणपणानें लावलेला दिवा पीक वाचवूं शकणार नाहीं. शंभर अंडीपुंजांस साठ-सत्तर किलो कोष काढणारे शेतकरी या सर्व गोष्टी सांभाळतात. प्रकाश ही त्यांतील एक. परंतु बाकीच्या गोष्टींस पैसा, पाणी किंवा मजुरी लागते, आणि हिला लागतो तो केवळ नियमितपणा.

म्हणून प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें. अंड्यांस लांब उजेड, मग दोन दिवस पूर्ण अंधार, व जन्माच्या दिवशीं पहाट. बाल अळीस अंधार जास्त, उजेड कमी. प्रौढ अळीस उजेड जास्त, अंधार कमी, पण अंधार हा हवाच. काता व कोष यांच्या वेळीं शांत, मंद, सारखा प्रकाश. नॉर्वेच्या समुद्रांतील मासा व आपल्या घरांतील अळी यांचे नियम निराळे. पण दोघांचें सांगणें एकच आहे कीं, दिवा लावणाराने आधीं समोरच्या जीवाचें वय विचारावें. ज्या वाचकांनीं वरील प्रयोग केला असेल त्यांनीं आपलीं वजनें, मग तीं आमच्या म्हणण्यास अनुकूल असोत वा प्रतिकूल, या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावीं.